‘जाऊबाईंनी दुबईहून आणली, एकदाही वापरलेली नाही’

बाळासाठी सेकंडहँड कार सीट शोधताना शीर्षकातलं वाक्य कुणी तुम्हाला ऐकवलं, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. मला ते पुण्यात ऐकवलं गेलं. पुढे शोध घेतला तेव्हा हेच वाक्य, जाऊबाईंसकट, नाशिकच्या आणि ठाण्याच्या जाहिरातींत सापडलं. फोटो तेच, मागचा फरशीचा नक्षा तोच, फक्त विकणाऱ्या आईचं नाव वेगळं.

दुसऱ्या बाळाच्या वेळची गोष्ट. थोरली साडेतीन वर्षांची, तिची पुढे तोंड असलेली सीट मागे डाव्या खिडकीशी. गाडी साधी हॅचबॅक. आयसोफिक्सच्या, म्हणजे बाळाची सीट थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवायच्या लोखंडी कड्या असतात त्या मागच्या दोन कडेच्या जागांना, मधल्या जागेला आमच्या गाडीत नुसता कमरेचा पट्टा. म्हणजे बाळाची सीट उजवीकडेच बसणार हे ठरलेलं. मध्ये सासूबाई मावतील का, हा घरातला मोठा प्रश्न, आणि त्यासाठी आम्हाला हवी होती अरुंद, हँडलवाली, मागे तोंड करून बसवायची नवजात बाळाची सीट.

‘मांडीवर घेऊन बसायचं की, आमची पोरं नाही का मोठी झाली’ हे आम्हालाही ऐकावं लागलं. हिशोब साधा आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर ४ किलोचं बाळ हातातून पंचावन्न-साठ किलोंच्या वजनाइतक्या जोराने निसटतं. कोणत्याही आजीचे हात तेवढं धरू शकत नाहीत, आणि आई मूल घेऊन पुढच्या सीटवर बसली असेल तर वर एअरबॅगचा तडाखा वेगळाच. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड, मान कच्ची. म्हणून त्याला मागे तोंड करून बसवतात, म्हणजे धक्का सगळ्या पाठीवर पसरतो. कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा बालआसनात बांधलेलं नसेल तर १,००० रुपये दंड आहे. तो भरताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही, ते सोडा.

नव्या चांगल्या सीटची किंमत ऐकून नवऱ्याचं तोंड उतरलं होतं. जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष वापरायची वस्तू. त्यामुळे सेकंडहँड शोधणं यात वावगं काही नाही, ओळखीतली, माहितीतली सीट असेल तर आजही मी घेईन. आम्हाला सापडली ती ‘आई’ मात्र कसबी होती.

फोनवर तिने पहिल्यांदा किंमत काढलीच नाही. ‘ताई, कितवा महिना? पहिलं काय आहे? डॉक्टर कोण?’ असं सुरू केलं. गाडी कोणती ते विचारलं आणि ‘हो हो, त्यात बसते, माझ्या भावाची तीच आहे’ म्हणाली. पुढे स्वतःच सांगितलं की स्वस्तातल्या कापडी सीटा घेऊ नका, त्या नुसत्या गादीला पट्टे शिवलेल्या असतात, जिवाशी खेळ आहे. हे खरं होतं! या एका खऱ्या वाक्यावर तिने आमचा विश्वास मिळवला. नवी २४,००० ला मिळते, मला ९,५०० द्या, बाळासाठी घेताय म्हणून सांगते, नाहीतर पिंपरीचं एक गिऱ्हाईक उद्या येतंयच. बिल? ते जाऊबाईंकडे दुबईला.

सीट घ्यायला तिने घरी बोलावलं नाही. ‘सासरे आजारी आहेत’ म्हणून सोसायटीच्या गेटवर भेटलो. खोका एका नामवंत युरोपीय कंपनीचा, वर प्लास्टिक, कव्हर कोरं करकरीत, नव्या कापडाचा वाससुद्धा. सीट उलटी करून तिने खालचं नारिंगी लेबल दाखवलं: ‘हा बघा युरोपचा शिक्का.’ पैसे यूपीआयने ज्या नावावर गेले ते तिचं नव्हतं. ‘मिस्टरांचं खातं आहे’. सगळं पाच मिनिटांत उरकलं.

बाळ त्या सीटमधून दवाखान्यातून घरी आलं, लसीला गेलं, एकदा साताऱ्यालाही जाऊन आलं. परतताना खंबाटकीच्या आसपास दूध ओकलं आणि घरी आल्यावर मी कव्हर धुवायला काढलं. कव्हर निघता निघेना. इलॅस्टिकच्या हुकांना जागाच जुळत नव्हत्या, दोन ठिकाणी ते चक्क आतून गोंदाने चिकटवलं होतं. खाली डोक्यापाशी थर्माकोलसारख्या फोमला आरपार तडा आणि त्यावर खोक्यांना लावतात ती खाकी चिकटपट्टी.

आमच्या बिल्डिंगमधले एक काका गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात प्लास्टिकचे साचे करण्यात निवृत्त झाले. त्यांना वर बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, टॉर्च घेतला आणि सीटच्या प्लास्टिकच्या टरफलाच्या पाठीवर बोट ठेवलं. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकवर बहुतेक वेळा एक छोटं गोल घड्याळ उमटलेलं असतं: कडेने १ ते १२ असे महिने, मध्ये वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि एक बाण. बाण ज्या आकड्याकडे तो महिना. आमच्या सीटवर मध्ये ११ होतं. म्हणजे २०११. ‘एकदाही न वापरलेली’ ती सीट माझ्या थोरलीपेक्षाही कितीतरी मोठी निघाली. बहुतेक कंपन्या अशा सीटचं आयुष्य सहा ते दहा वर्षं धरतात, कारण उन्हात तापून-निवून प्लास्टिक ठिसूळ होतं आणि पट्ट्यांचं विणकाम सैल पडतं. आपल्याकडे बंद गाडी मे महिन्यात आत किती तापते ते सांगायला नको.

काकांनी वरून एक वाक्य टाकलं ते मला अजून टोचतं. ‘हा तडा पडून पडलेला नाही वाटत गं, दाबून पडलाय.’ सीट आधी कुठल्या अपघातात होती का, हे आता कुणीच सांगू शकत नाही. आणि नेमकं म्हणूनच हा धंदा चालतो. कुकरची शिटी नकली निघाली तर दुसऱ्या दिवशी कळतं. सीट नकली आहे हे ज्या क्षणी कळतं त्या क्षणी तक्रार करायला वेळ नसतो. तोवर ती दिसायला छानच असते, आणि घेणारे आईबाप समाधानाने इतरांनाही त्या ‘ताईंचा’ नंबर देतात. मीही दोघींना दिला होता. त्यांना फोन करून सीट वापरू नका म्हणून सांगितलं.

आता त्या लेबलाबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळी लबाडी तिथेच उघडी पडते. युरोपीय नियमाने मान्य झालेल्या सीटवर नारिंगी लेबल असतं. त्यावर वर्तुळात इंग्रजी ई आणि शेजारी मान्यता देणाऱ्या देशाचा आकडा: १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन. जुन्या नियमाचं नाव आर ४४, त्याची शेवटची आवृत्ती ०४. अशा सीटवर वजन लिहिलेलं असतं आणि मान्यता क्रमांकाची सुरुवात ०४ ने होते. नवा नियम आर १२९, २०१३ पासूनचा. त्यात वजनाऐवजी उंची सेंटिमीटरमध्ये असते, बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी असते आणि किमान १५ महिन्यांपर्यंत मागे तोंडच ठेवायचं असतं. युरोपीय संघात १ सप्टेंबर २०२४ पासून आर ४४ च्या सीटांची विक्री बंद झाली, तेव्हा ‘एकदम लेटेस्ट’ म्हणून कुणी आर ४४ दाखवत असेल तर त्याला हसून विचारा, लेटेस्ट कधीची? आपल्याकडचा मानक एआयएस-०७२.

आमच्या लेबलावर आर ४४/०४ होतं, ई ४ होतं, सगळं होतं. फक्त वजन होतं ९ ते १८ किलो. हा गट पुढे तोंड करून बसणाऱ्या मोठ्या मुलांचा! तान्ह्या बाळाच्या सीटवर ० ते १३ हवं. म्हणजे कुठल्यातरी दुसऱ्याच सीटच्या लेबलाचा फोटो काढून छापून चिकटवला होता. नखाने उचकटलं तर खाली खरडलेली जागा आणि जुन्या गोंदाचा चौकोन. पट्ट्यांना छातीपाशी जोडायची प्लास्टिकची क्लिप होती. ती अमेरिकन सीटांना असते. युरोपीय नियमात बाळाला एका बकलच्या एका दाबाने मोकळं करता आलं पाहिजे, म्हणून तिथल्या सीटांना ती सहसा नसते. म्हणजे पट्टेही दुसऱ्याच कुठल्या सीटचे काढून ओवलेले. एका बाळाच्या सीटमध्ये तीन सीटांचे अवशेष.

त्यामुळे सेकंडहँड पाहायला जाल तेव्हा कव्हर काढून दाखवा म्हणा. खरी आई असेल तर काढेल, तिने ते दहा वेळा धुतलेलं असतं. ‘काढलं तर परत बसत नाही’ म्हणाली तर तिथूनच मागे फिरा. टरफलावरचं घड्याळ बघा, पट्टा आपल्या हाताने ओढून घट्ट होतो का आणि मोकळा सोडल्यावर सरकतो का ते बघा. पट्ट्याने बसणारी सीट असेल तर मागे तोंडाच्या सीटवर पट्टा जायचा रस्ता निळ्या खुणांनी दाखवलेला असतो. आमच्या त्या सीटवर खुणाच नव्हत्या, रंग दिलेला होता. सीट प्रत्यक्ष स्वतःच्या गाडीत बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. हे नव्या सीटलाही लागू. कित्येक गाड्यांचा पट्टा हँडलवाल्या सीटभोवती फिरून बकलपर्यंत पोचतच नाही.

सीट विकणाऱ्या त्या ‘आई’ला फोन केला. आधी ‘मला काय माहीत, जाऊबाईंना विचारते’, मग ‘तुम्हीच पाडली असेल’, आणि त्यानंतर नंबर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. तिथे पहिला प्रश्न आला तो बिलाचा. स्वतःची वापरलेली एखादी वस्तू विकणारी आई आणि तीच वस्तू पुन्हा पुन्हा विकणारा व्यापारी यांत फरक होतो, ग्राहक म्हणून तक्रार चालते ती व्यापाऱ्याविरुद्ध, आणि हे लोक आईचं सोंग घेतात ते फक्त आपल्या मायेसाठी नव्हे, या फरकासाठीही. म्हणून नाशिक-ठाण्याच्या त्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट मी तारखेसकट जपून ठेवले होते, ते कामाला आले. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीबद्दल, अर्ज दिला. जाहिराती उतरल्या. पैसे अजून आलेले नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकिलाशिवायही चालतं. त्या तयारीत आहोत. तुमच्या बाबतीत पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला लगेच कळवा, दिवस घालवू नका.

ती सीट पुराव्यासाठी फोटो काढून, काकांसमोर पंचनामा केल्यासारखं सगळं टिपून ठेवलं. लेबल आणि तुटका फोम पिशवीत बांधून ठेवला आणि टरफल भंगारात द्यायचं ठरवलं. आधी सगळे पट्टे कात्रीने तोडले, टरफलावर जाड मार्करने ‘खराब, वापरू नये’ लिहिलं. भंगारवाला हळहळला. ‘मॅडम, पट्टे कशाला कापले? अशाला गिऱ्हाईक असतंय. धुऊन-बिऊन नवीन करतात.’ कोण करतात विचारलं तर हसला आणि वजन करू लागला.

नंतर नवीच घेतली, दुकानातून. आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि किंमत छापलेली असावी लागते. ते वाचलं, बिलावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घेतला. तिथेही विक्रेत्याने ‘ही घ्या ना, शून्य ते बारा वर्षं एकच सीट’ म्हणून गळ घातली. त्या सीटमध्ये महिन्याभराच्या बाळाची मान छातीवर लोंबत होती, पुढे तोंड करून बसवा म्हणत होता तो. नको म्हटलं. हँडलवाली सीट गाडीत उजवीकडे बसली, थोरलीची डावीकडे, आणि मध्ये राहिलेल्या वितीत सासूबाई काही मावल्या नाहीत. त्या आता पुढे बसतात, पट्टा लावून, आणि रस्ता माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन बघतात.