खेळाडूच्या अंगावरची जर्सी विकत घेताना: एमएलबीचा होलोग्राम कितपत कामाचा?

सरळच सांगते. अमेरिकेत एखाद्या खेळाडूने सामन्यात प्रत्यक्ष घातलेली जर्सी घ्यायची हौस असेल आणि पैसे बेताचे असतील, तर बेसबॉलची घ्या. बास्केटबॉल, हॉकी, अमेरिकन फुटबॉल हे सगळं नंतर. बेसबॉलचे खेळाडू फार थोर असतात म्हणून नव्हे. मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे एमएलबीने, अशा वस्तू पडताळायची जी सोय केली आहे, तिच्या तोडीचं दुसऱ्या खेळात मला काही दिसलं नाही. मी न्यू जर्सीत राहते, न्यूयॉर्कच्या मेट्स ह्या बेसबॉल संघाची चाहती आहे, आणि त्यांच्या एका रिलीफ पिचरची, म्हणजे सामन्याच्या मध्येच चेंडू टाकायला येणाऱ्या बदली खेळाडूची, घरच्या मैदानावरची पट्ट्यापट्ट्यांची जर्सी एमएलबीच्या अधिकृत लिलावातून घेतली. पिचर कोण, ते सांगून उपयोग नाही. मेट्सवाल्यांनाही आठवायला वेळ लागेल. म्हणूनच परवडली.

नवऱ्याचं मत विचारू नका. "पैसे देऊन दुसऱ्याचा घामट शर्ट" हे वाक्य आमच्या घरात आता पाहुण्यांनाही पाठ झालं आहे.

ही सोय उभी राहिली ती चोरांच्या कृपेने. १९९०च्या दशकात सॅन डिएगोच्या पाद्रेज संघाचा टोनी ग्विन आपल्याच संघाच्या दुकानात गेला, तर तिथे त्याच्या सहीच्या वस्तू विकायला ठेवलेल्या. सह्या त्याच्या नव्हत्याच! तिकडे एफबीआयचं 'ऑपरेशन बुलपेन' चालू होतं. त्यात खोट्या सह्यांचे कारखानेच सापडले. मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा निघाले त्यात, आणि ते घेणारं गिऱ्हाईकही होतं. यानंतर २००१ मध्ये एमएलबीने स्वतःची पडताळणी सुरू केली.

तिचा गाभा एकच आहे: साक्षीदार. प्रत्येक सामन्याला मैदानात किमान एक पडताळणी करणारा माणूस बसलेला असतो, आणि तो बहुतेक पोलीस खात्यातला असतो, नोकरीत असलेला किंवा निवृत्त. त्याने स्वतः डोळ्यांनी पाहिलेली वस्तूच तो हातात घेतो आणि तिच्यावर होलोग्राम चिकटवतो. चेंडू, बॅट, बेस, जर्सी, अगदी मैदानातली मातीसुद्धा. जे पाहिलं नाही त्याला होलोग्राम नाही, मग आणून देणारा स्वतः खेळाडू असला तरी. प्रेक्षकांत गेलेला होमरनचा चेंडू साध्या परिस्थितीत पडताळला जात नाही, कारण त्या गर्दीत तो कुणाच्या खिशातून कुठे गेला हे कोण सांगणार? मोठा विक्रम होणार असला की चेंडूंवर आधीच गुप्त खुणा करून ठेवतात, ती गोष्ट वेगळी.

आता प्रत्यक्ष वस्तू. जर्सीच्या पुढच्या बाजूला, अगदी खाली, साइजचं लेबल शिवलेलं असतं. माझ्या जर्सीवर तिथेच होलोग्राम आहे. अंगठ्याच्या नखाएवढा, चंदेरी, वर दोन इंग्रजी अक्षरं आणि सहा आकडे. काढायला गेलं तर अखंड निघत नाही, चिंध्या होतात. तो क्रमांक एमएलबीच्या साइटवर टाकला की नोंद उघडते: खेळाडू, वस्तू, तारीख, सामना कुणाशी. एवढं सगळं एका मिनिटात होतं. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. सेवा म्हणून ह्या भागात मला काही खोट काढता येत नाही.

नोंद मात्र शब्दन् शब्द वाचा. 'गेम यूज्ड' म्हणजे सामन्यात वापरलेली. 'टीम इश्यूड' म्हणजे खेळाडूसाठी तयार केलेली, पण अंगावर चढलीच असं नाही. दोन्हींवर होलोग्राम तसाच चमकतो. भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि बाहेरचे काही विक्रेते हा फरक जाहिरातीत सोयीस्करपणे गिळतात.

बहुतेक लोक इथे थांबतात. मी थांबत नाही, कारण क्रमांक खरा असला म्हणजे त्या क्रमांकाची एक वस्तू जगात आहे एवढंच कळतं. ती वस्तू हीच, हे कळत नाही. एखाद्याने खरा क्रमांक उचलून खोट्या स्टिकरवर छापला तर? म्हणून दुसरी तपासणी कापडाची.

मी इचलकरंजीची. आमच्या घराच्या मागच्या अंगाला यंत्रमाग होते. वडील कुणाच्याही अंगावरचा शर्ट दोन बोटांत धरून बघायचे, लग्नातसुद्धा. ती खोड माझ्यात उतरली आहे. मेट्सच्या जर्सीच्या उभ्या बारीक निळ्या पट्ट्या बघितल्यावर मला पहिल्यांदा सुचलं ते हे, की कटिंगच्या टेबलावर कापडाचे थर एकावर एक पसरले की प्रत्येक थर थोडा सरकतोच. त्यामुळे प्रत्येक शर्टात शिवणीपाशी पट्टी वेगळ्या ठिकाणी येते. नंतर छातीवरची अक्षरं आणि पाठीवरचे आकडे वेगळे शिवतात, तेव्हा आणखी एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे. दोन वेगवेगळ्या हातांनी केलेल्या दोन चुका दुसऱ्या शर्टात जशाच्या तशा जुळणं जवळजवळ अशक्य.

माझ्या जर्सीवर 'एम'च्या पहिल्या पायाचं टोक एका निळ्या पट्टीला नुसतं टेकलं आहे, ओलांडून गेलेलं नाही. पाठीवर आकड्याच्या डाव्या कडेखाली पट्टी अर्धी झाकलेली, अर्धी उघडी. नोंदीतल्या तारखेचे त्या सामन्याचे फोटो वृत्तसंस्थांच्या साइटवर शोधले. एका फोटोत हा पिचर चेंडू टाकून वळतोय, पाठ पूर्ण कॅमेऱ्याकडे. फोटो मोठा केला. पट्टी तशीच, अर्धी आत, अर्धी बाहेर. समोरून काढलेल्या फोटोत 'एम'सुद्धा जुळला. ह्यालाच इथे फोटोमॅचिंग म्हणतात, आणि पैसे घेऊन ते करून देणाऱ्या कंपन्या आहेत. महागड्या वस्तूसाठी त्यांच्याकडे जावं. माझ्यासारखीला घरचा लॅपटॉप पुरतो.

त्याच सुमारास एका ऑनलाइन विक्रेत्याने, नाव घेत नाही, मेट्सच्याच एका बड्या फलंदाजाची जर्सी मला देऊ केली. सोबत सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट, आणि त्यावर सही कुणाची? त्याच विक्रेत्याची. मोठे फोटो मागवले. खांद्यावर कापड झिजलेलं होतं, पण झीज शिवणीच्या शेजारी आणि शिवण मात्र कोरी करकरीत. कापड खरोखर घासलं जातं तेव्हा आधी झिजतो तो उंचवटा, म्हणजे शिवणीची दुमड. इथे कुणीतरी सपाट भागावर पॉलिशपेपर फिरवला होता. सुटलेली लवसुद्धा सगळी एकाच दिशेला झोपलेली. शिवाय कापड पिवळट, आणि आकड्याच्या कडेची झिगझॅग टीप पांढरीशुभ्र. म्हणजे कापड आधी जुनं केलं आणि आकडा नंतर शिवला. फलंदाजाची जर्सी म्हणताय तर बॅट टेकते त्या खांद्यावर पाइन टारचा, म्हणजे पकडीसाठी बॅटला लावतात त्या डांबरासारख्या राळेचा, चिकट डाग तरी दिसायला हवा होता. दरवेळी असतोच असं नाही, पण एवढी 'वापरलेली' जर्सी आणि तिथेच स्वच्छ? कुठल्या सामन्यातली, असं विचारलं तर उत्तर आलं, "सर्टिफिकेट आहे ना." मी पुढे बोलले नाही.

सर्टिफिकेटचा कागद हा ह्या धंद्यातला सगळ्यात स्वस्त माल आहे. २०१२ मध्ये काही अमेरिकन व्यापाऱ्यांवर फेडरल गुन्हे दाखल झाले. दुकानात मिळणाऱ्या साध्या जर्स्यांना वापराच्या खुणा करून त्यांनी ट्रेडिंग कार्डच्या, म्हणजे खेळाडूंची जमवायची कार्डं काढणाऱ्या, कंपन्यांना विकल्या, असा आरोप होता, आणि त्यातल्या काहींनी कबुलीही दिली. कार्डांच्या कंपन्या अशा जर्स्यांचे चौकोनी तुकडे करून कार्डात बसवतात. म्हणजे पुरावा कापून हजार घरांत वाटला! माझ्या मते जर्सीच्या तुकड्याच्या कार्डाला कापडाची किंमत देऊच नये.

फोटो जुळल्याने काय होतं ते जुन्या काळचा नामवंत बेसबॉल खेळाडू बेब रूथ याच्या जर्सीवरून कळतं. १ ऑक्टोबर १९३२ला शिकागोच्या रिग्ली फील्डवर त्याने बोट दाखवून होमरन मारला, असं सांगतात. बोट नक्की कुठे दाखवलं ह्यावर अजून भांडणं आहेत. ती जर्सी २००५ मध्ये ९ लाख ४० हजार डॉलरला गेली. पुढे त्या दिवसाच्या फोटोंशी तिचा मेळ लागला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिचे २ कोटी ४१ लाख डॉलर आले. काळाने भाव वाढले हे खरं, पण एवढी उडी नुसत्या काळाने येत नाही.

माझी सगळ्यात आवडती केस मात्र मॅराडोनाची. १९८६च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडशी सामना, २२ जून, मेक्सिको सिटीचं ऊन. अर्जेंटिनाकडची निळी जर्सी जड होती, म्हणून तिथल्याच एका दुकानातून हलक्या जर्स्या आणल्या, त्यांवर घाईघाईने बिल्ले आणि चंदेरी आकडे लावले. सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने मॅराडोनाशी जर्सी बदलली. २०२२ मध्ये सदबीज ह्या लिलावघराने ती लिलावाला काढली तेव्हा मॅराडोनाच्या मुलीने हरकत घेतली, की ही पहिल्या हाफची आहे, गोल दुसऱ्या हाफमध्ये झाले. पण सामन्याचे जुने फोटो तोवर तपासून झाले होते. बिल्ला, आकडे आणि कापडातल्या पट्ट्या गोलच्या वेळच्या फोटोंशी जुळल्या होत्या, आणि जर्सी ७१ लाख पौंडांना गेली. कारखान्यात नीट बसवलेला बिल्ला असता तर इतक्या सहज पटवता आलं नसतं. घाई कामाला आली.

पुन्हा एमएलबीकडे. मोठी मर्यादा म्हणजे मागचं काही चालत नाही. मेट्सने शेवटची वर्ल्ड सिरीज, म्हणजे एमएलबीची अंतिम मालिका, जिंकली १९८६ मध्ये, आणि त्या संघाच्या जर्सीला हा होलोग्राम कधीच मिळणार नाही, कारण तेव्हा साक्षीदारच नेमलेला नव्हता. अशा जुन्या मालाला फोटो आणि मालकांची साखळी हेच दोन आधार. इथल्या, म्हणजे अमेरिकन, फुटबॉलमध्येही मला धास्ती वाटते. न्यूयॉर्क जायंट्सची 'सामन्यात वापरलेली' हेल्मेटं खोटी असल्याच्या आरोपावरून २०१४ मध्ये खटला दाखल झाला होता. जायंट्सने आरोप नाकारले आणि २०१८ मध्ये सुनावणीच्या तोंडावर तडजोड झाली, त्यामुळे खरंखोटं कोर्टात ठरलंच नाही. पण कपडे सांभाळणाऱ्या खोलीतूनच माल येतो म्हणून तो खरा, हे मी तेव्हापासून गृहीत धरत नाही.

इचलकरंजीहून भाऊ विचारतो, क्रिकेटचं काय? तिथे शक्यतो खेळाडूच्या हातूनच घ्यावं. शेन वॉर्नने जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या मदतीसाठी स्वतःची बॅगी ग्रीन, म्हणजे ऑस्ट्रेलियाची हिरवी कसोटी टोपी, लिलावाला काढली, १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली. तिथे होलोग्राम नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. भारताच्या निळ्या जर्सीवर मेट्ससारख्या पट्ट्या नसतात, पण स्पॉन्सरचं नाव शिवणीपासून किती अंतरावर आहे, लोगो किती तिरका बसला आहे, हे फोटोत दिसतंच. सहीची बॅट घेणार असाल तर सही छापील आहे का, ते भिंग लावून आधी बघा.

घेतल्यानंतरचं एक. आईने व्हिडिओ कॉलवर जर्सी बघून पहिलं विचारलं, "धुवून तरी घेतलीस काय?" नाही धुतली, आणि तुम्हीही धुऊ नका. कॉलरचा पिवळेपणा, कडेला पुसलेल्या रोझिनचा, म्हणजे पकडीसाठी पिचर हाताला लावतात त्या राळेच्या पुडीचा, पांढुरका थर हाच तर तिचा पुरावा. हँगरलाही लावू नका. होजिअरीचं कापड खांद्यात ओघळतं आणि पट्ट्या वाकतात, मग उद्या विकायची वेळ आली की फोटोशी जुळवताना पंचाईत. मी आम्लविरहित कागदात सैल घडी करून सपाट खोक्यात ठेवली आहे, होलोग्राम वरच्या बाजूला, म्हणजे क्रमांक बघायला घडी मोडावी लागत नाही.