कॅज्युअल्टीसाठी स्वभावचाचणीची कार्यशाळा: सकाळ वाया, दुपार लाखमोलाची

आमच्या कॅज्युअल्टीतल्या अठरा जणांनी, डॉक्टर, सिस्टर आणि इंटर्न धरून, ही एक दिवसाची कार्यशाळा केली. मी अकरा वर्षं इमर्जन्सीत आहे. इथली भांडणं उपचारांवरून कमी आणि बोलण्यावरून जास्त होतात, त्यामुळे मी फार आशेने गेले होते.

सकाळी मायर्स-ब्रिग्ज चाचणी. युंगने १९२१ मध्ये मांडलेल्या स्वभावप्रकारांवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल यांनी ती बेतली. चार जोड्या, सोळा प्रकार. मला ईएसटीजे आलं, म्हणजे एक्स्ट्रोव्हर्ट (बहिर्मुख) बाजूचा प्रकार. चार वर्षांपूर्वी आयएसटीजे आलं होतं, म्हणजे इंट्रोव्हर्ट (अंतर्मुख) बाजूचा. या चाचणीवरचा मुख्य आक्षेप हाच: जो मधोमध असतो तो एक-दोन उत्तरं बदलली की पलीकडच्या गटात जाऊन बसतो. प्रशिक्षकांनी हे आधी सांगायला हवं होतं. ते राहिलं, आणि चहाच्या वेळी आमच्या एका रेसिडेंटला ऐकावं लागलं, "तू इंट्रोव्हर्ट, कोड ब्ल्यूला मागेच थांब." (कोड ब्ल्यू म्हणजे रुग्णाचं हृदय बंद पडल्याचा तातडीचा पुकारा.) मला ते फार लागलं. रात्री तीनला सगळ्यात शांत हाताने श्वासनलिकेत ट्यूब टाकतो तो हाच मुलगा.

दुपारी मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) कार्डिअ‍ॅक अरेस्टचा सराव. पहिल्या फेरीत लीडर मी. मॉनिटरवरची नजर न काढता म्हणाले, "अ‍ॅड्रेनालिन द्या." नंतर व्हिडिओत पाहिलं: दोन्ही सिस्टरना वाटलं दुसरी देतेय, आणि भरलेली सिरिंज ट्रेमध्येच. दुसऱ्या फेरीत एकीकडे बघून, नाव घेऊन सांगितलं, "१ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन, आयव्ही. दिलं की सांगा." लगेच उत्तर आलं, "१ मिलिग्रॅम आयव्ही दिलं, मॅडम." इंटर्नने वेळ मोठ्याने म्हणून लिहिली. पुढचा डोस तीन ते पाच मिनिटांनी, म्हणजे ही वेळ हवीच.

मग वरिष्ठांना फोनवर रुग्णाची माहिती द्यायची चौकट, एसबीएआर: काय चाललंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांमधून रुग्णालयांत आलेली पद्धत. शेवटच्या पायरीला भलेभले अडखळले. तो रेसिडेंट मात्र स्पष्ट म्हणाला, "सर, तुम्ही आत्ता खाली यायला हवं."

माझ्याकडून ५ पैकी ३. बुकिंग करताना चाचणी वगळून दोन्ही सत्रं सरावाची मागा. आम्ही आता ड्युटी सुरू होताना रिससच्या (अत्यवस्थ रुग्णांच्या खोलीतल्या) फळ्यावर प्रत्येकाचं नाव आणि काम लिहितो. काल एअरवेसमोर (श्वासमार्ग सांभाळण्याच्या कामासमोर) त्या रेसिडेंटचं नाव होतं.