अंगणवाडी की पालिकेची बालवाडी?

मुंबईत तीन वर्षांच्या पोराला कुठे घालू विचारताय, तर फी दोन्हीकडे नाहीच, ते सोडा. अंगणवाडी १९७५ च्या आयसीडीएस (एकात्मिक बालविकास सेवा) या सरकारी योजनेतली, ३ ते ६ वयाला गरम खाऊ मिळतो, वजन-उंची मोजतात, लसीकरणाचं बघतात, आणि वस्तीतच असते म्हणून आजीपण सोडून येते. पण जागा बऱ्याचदा एकच खोली, आणि सेविका ताईंवर सर्वेक्षणं, रजिस्टरं, मोबाईलमधली नोंद इतकं लादलंय की शिकवायला वेळ उरतोच कुठे!
बालवाडी बहुतेक पालिका शाळेच्याच इमारतीत, त्यामुळे पहिलीत जाताना पोर बुजत नाही, फक्त रोज ने-आण तुम्हाला करावी लागेल.
वजन कमी असेल, रोज ने-आण करायला घरी कोणी नसेल तर अंगणवाडी. पुढे त्याच शाळेत घालायचं नक्की असेल तर बालवाडी.