हालची टाकसाळ : नाण्यांच्या अभ्यासकांनी आवर्जून पाहावे असे संग्रहालय

ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात, इन्सब्रुकला लागूनच असलेल्या हाल या गावातील हासेग किल्ल्यात टाकसाळीचे संग्रहालय आहे. युरोपातील चांदीचे नाणे सोन्याच्या तोलामोलाचे कसे झाले, हे इतक्या नेमकेपणाने समजावणारे दुसरे ठिकाण माझ्या पाहण्यात नाही.

व्हेनिसने १४७२ मध्ये साडेसहा ग्रॅमची लिरा आणि मिलानने १४७४ मध्ये त्याहून जड तेस्तोने ही चांदीची नाणी पाडली होती, तरी मोठ्या रकमांचे व्यवहार सोन्यातच होत असत. टिरोलचा शासक आर्चड्यूक झिगमुंड याच्याकडे सोन्याची वानवा होती. उलट जवळच्या श्वात्सच्या खाणींतून चांदी मुबलक निघत होती. म्हणून त्याने १४७७ मध्ये टाकसाळ मेरानहून हालला हलवली आणि १४८६ मध्ये सुमारे ३२ ग्रॅमचा गुल्डीनर हे चांदीचे नाणे पाडले, ज्याचे मोल एका सोन्याच्या गुल्डनइतके, म्हणजे ६० क्रॉइट्झर (तिथले लहान नाणे), ठरवले होते. त्याच्या एका बाजूस चिलखत घातलेला आर्चड्यूक उभा आहे, तर दुसऱ्या बाजूस घोडेस्वार असून त्याच्याभोवती ढालींचे कडे आहे. हे नाणे फार थोड्या संख्येने पाडले गेले. पुढे १५२० च्या सुमारास बोहेमियातील योआखिम्सटालच्या थालर या चांदीच्या नाण्याने हाच आकार बाजारात रुळवला.

टाकसाळ हासेगमध्ये आली ती १५६७ मध्ये, त्यामुळे गुल्डीनर या वास्तूत घडलेला नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे. येथील खरे वैभव म्हणजे पाणचक्कीवर चालणाऱ्या रूळयंत्राची पुनर्रचना. कोरलेल्या दोन रुळांमधून चांदीची पट्टी जाते, दोन्ही बाजूंचे ठसे एकदमच उमटतात आणि मग नाणी कापून काढली जातात. रुळाच्या गोलाईमुळे छाप ताणला जातो, म्हणून तो मुळातच किंचित लंबगोल कोरावा लागे. अशा नाण्यांना आढळणाऱ्या हलक्या बाकाचे कारणही या यंत्रासमोर उभे राहिल्यावर लगेच उमगते. हातोड्याच्या घावाने पाडलेल्या शिवराईची ओबडधोबड कड ज्यांनी निरखली आहे, त्यांना हा फरक विशेष जाणवेल.

पाहुण्यांना स्वतः नाणे पाडून पाहता येते आणि टाकसाळीच्या मनोऱ्यावरही चढता येते. माझी आग्रहाची सूचना एवढीच, की आधी श्वात्सची चांदीची खाण पाहावी, जिथे छोट्या आगगाडीतून डोंगराच्या पोटात नेतात, आणि त्यानंतरच हालला यावे, म्हणजे धातूपासून नाण्यापर्यंतचा क्रम आपोआप जुळतो.