कमी कर्बोदकांचा आहार: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

६ जानेवारीच्या सकाळी माझे वजन ८४.६ किलो होते आणि १३ जानेवारीच्या सकाळी ते ८१.२ किलो भरले. एका आठवड्यातील या ३.४ किलोंच्या जोरावर मी हा आहार चालू ठेवला, याच आकड्यापायी पुढे दोनदा तो सोडून देण्याच्या बेतात आले, आणि आज आठ महिन्यांनी अनुभव लिहायला बसल्यावर सर्वांत अधिक सांगावेसे वाटते तेही याच आकड्याविषयी.

माझे वय ४५, उंची १५८ सेंटिमीटर. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते आणि माध्यमिक शाळेत शिकवते. सुरुवातीला माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३४ च्या आसपास होता. आपल्याकडे २३ च्या पुढे अतिवजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, हे लक्षात घेतले तर मी किती पुढे गेले होते ते कळेल. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ टक्के आली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरची, आणि त्या अहवालानंतर मी शहरातील एका आहार केंद्रात नाव नोंदवले. केंद्राच्या फलकावर सात दिवसांत चार किलो वजन कमी करून देण्याची हमी होती. पहिल्या टप्प्याचे ३,५०० रुपये मी आगाऊ भरले.

पहिल्या आठवड्याचा तक्ता कडक होता. भाकरी, चपाती, भात, पोहे, साखर, गूळ, दूध आणि फळे पूर्ण बंद. अंडी, पनीर, चिकन, पालेभाज्या, काकडी आणि ताक चालेल. गंगावेशीतील दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेले म्हशीचे दूध पिण्याची सवय आमच्या घरात दोन पिढ्यांची आहे, ती सोडताना जिवावर आले. दुसऱ्या रात्री मला लघवीसाठी तीन वेळा उठावे लागले. तिसऱ्या दिवशी डोके जड झाले, शाळेचा जिना चढताना पोटऱ्यांत गोळे आले. त्याच दिवशी बोटातली अंगठी, जी एरवी साबण लावल्याशिवाय निघत नसे, ती भांडी घासताना सहज निसटली. मला अर्थातच चरबी वितळल्याचा आनंद झाला. केंद्रातही सातव्या दिवशी वजन करून तेच सांगण्यात आले, ‘साडेतीन किलो फॅट गेली’ असे वहीत लिहून दिले आणि पुढील तीन महिन्यांच्या टप्प्याचे पैसे भरण्यास सुचवले. मी ते भरले.

घरी मात्र मला एक विसंगती दिसली होती. यजमानांनी आणलेला आमचा काटा वजनाबरोबर चरबीचे प्रमाणही दाखवतो. ६ जानेवारीला ते ४१.२ टक्के होते, आणि १३ जानेवारीला, साडेतीन किलो कमी होऊनही, ४२.१ टक्के. चरबीच गेली असेल तर तिचे प्रमाण वाढेल कसे? हा प्रश्न घेऊन मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद ओढून जो हिशेब मांडला तो मी आजही वहीत जपून ठेवला आहे, कारण आठ महिन्यांत मला एवढी उपयोगी पडलेली दुसरी गोष्ट नाही.

आपण खाल्लेल्या भात-भाकरीचा थोडा साठा शरीर राखून ठेवते. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. प्रौढ माणसाच्या यकृतात तो साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेले असते. कर्बोदके एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत हा साठा बराचसा वापरला जातो आणि त्याचे पाणी मोकळे होऊन लघवीवाटे निघून जाते. एवढ्यातच दीड-दोन किलो होतात. शिवाय इन्सुलिनची पातळी उतरली की मूत्रपिंडे जास्त मीठ बाहेर टाकू लागतात आणि मिठामागोमाग आणखी पाणी जाते. माझे रात्रीचे उठणे, डोकेदुखी, पोटऱ्यांतले गोळे आणि सैल झालेली अंगठी ही सगळी त्याचीच लक्षणे होती. पापड, लोणचे, चिवडा बंद झाल्याने मिठाची आवकही घटली होती. आतड्यांत एरवी असणारे अन्नही कमी झाले होते, त्याचेही वजन असतेच.

मग त्यांनी चरबीचा हिशेब केला. एक किलो चरबी जाण्यासाठी साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. ३.४ किलोंसाठी २६,००० हून अधिक, म्हणजे दिवसाला सुमारे ३,७०० कॅलरींची तूट. माझ्या शरीराला दिवसभरात लागतातच १,९०० च्या आसपास. मी सात दिवस पाण्यावर राहिले असते तरी एवढी चरबी जळणे शक्य नव्हते. त्या आठवड्यात प्रत्यक्षात गेलेली चरबी अर्धा किलोच्या आत-बाहेर असावी, असा त्यांचा अंदाज होता. काट्याचे कोडेही त्यातूनच सुटले: तो काटा तळपायांतून अतिशय सौम्य वीज सोडतो आणि ती किती सहज वाहते यावरून चरबीचा अंदाज बांधतो, शरीरातले पाणी कमी झाले की वीज अडखळते आणि काटा त्याचा अर्थ चरबी वाढली असा लावतो. त्यामुळे आहार बदलल्याच्या पहिल्या पंधरवड्यात असल्या काट्याच्या टक्क्यांवर विश्वास ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

केंद्राबद्दलची माझी तक्रार एवढीच आहे, पण ती गंभीर आहे. पाणी जाणार हे आहार ठरवणाऱ्याला माहीत असायलाच हवे. ते चरबी म्हणून सांगणे आणि त्याच दिवशी पुढचे पैसे घेणे याला मी प्रामाणिकपणा म्हणू शकत नाही. मी फसले याहून मला अधिक वाईट वाटते ते माझ्याबरोबर त्या तुकडीत असलेल्या एका विद्यार्थिनीचे, जी चौथ्या आठवड्यात ‘माझ्या अंगालाच हे लागू पडत नाही’ असे म्हणून रडत निघून गेली. तिचे काहीही चुकले नव्हते.

कारण चौथा आठवडा बऱ्याच जणांचा तसा जातो. माझे वजन दुसऱ्या आठवड्यात ०.७ आणि तिसऱ्यात ०.३ किलोने उतरले. चौथ्यात आणि पाचव्यात ते जागचे हलले नाही. पाचवा आठवडा पाळीच्या आधीचा होता, त्या दिवसांत माझ्या अंगात नेहमीच एखादा किलो पाणी साठते हे तेव्हा मी ध्यानात घेतले नव्हते. सासूबाई रोज म्हणत, ‘‘अगं, तोंड बघ कसं उतरलंय तुझं. एक भाकरी खाल्लीस म्हणून काय आभाळ कोसळतंय व्हय?’’ मला त्या वेळी सावरले ते शिवणकामाच्या टेपने. पहिल्या आठवड्यात ३.४ किलो जाऊनही कमरेचा घेर जेमतेम एक सेंटिमीटर कमी झाला होता. चौथ्या-पाचव्या आठवड्यांत काटा थांबलेला असताना तो दीड सेंटिमीटरने आत गेला. त्या दिवसापासून मी टेपला काट्याच्या बरोबरीचा मान देते.

दुसरी परीक्षा फेब्रुवारीच्या अखेरीस गडहिंग्लजला भाच्याच्या लग्नात झाली. दोन दिवस मसालेभात, पुरी, जिलेबी, पापड असे सर्वांबरोबर जेवले आणि परतल्यावर वजन २.१ किलोने वाढलेले आढळले. दीड महिन्याची मेहनत दोन दिवसांत गेली या विचाराने मी त्या रात्री झोपले नाही. सकाळी डॉक्टरांचा कागद पुन्हा वाचला आणि तोच हिशेब उलटा करून पाहिला: रिकामा झालेला साठा भरला, त्याने आपले पाणी परत घेतले, लग्नाच्या जेवणातल्या मिठाने आणखी थोडे धरले. दोन दिवसांत दोन किलो चरबी साठवायला रोजच्या गरजेच्या वर १५,००० कॅलरी खाव्या लागल्या असत्या. मी उपवास केला नाही, नेहमीच्या जेवणावर परतले आणि सहाव्या दिवशी ते वजन होते तिथे आले. पाण्याने उतरलेले वजन पाण्यानेच चढते, हे कळण्यासाठी मला ते लग्न आवश्यक होते.

पाण्याचे हे जाणे निव्वळ काट्यापुरते नसते, ही गोष्ट मात्र आम्हाला धोक्यातून शिकावी लागली. माझे पाहून यजमानांनी, डॉक्टरांना न विचारता, फेब्रुवारीत हाच आहार सुरू केला. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि तिच्यात लघवी वाढवणारे औषधही आहे. पाचव्या दिवशी सकाळी रंकाळ्यावरून फिरून आल्यावर ते खुर्चीतून उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन दाराला धरून खाली बसले. वरचा रक्तदाब ९८ भरला. डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळीची मात्रा बदलली. रक्तदाबाची, आणि विशेषतः मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या कोणीही कर्बोदके कमी करण्याआधी औषधांची मात्रा तपासून घ्यावी, कारण जेवण बदलून औषध तेच ठेवले तर रक्तदाब किंवा साखर धोकादायक रीतीने खाली येऊ शकते. केंद्राने नाव नोंदवताना मला चालू औषधांविषयी एक प्रश्नही विचारला नव्हता.

मार्चअखेर माझे केस मुठीने गळू लागले. झटपट वजन घटल्यावर दोन-तीन महिन्यांनी असे होते आणि बहुधा आपोआप थांबते, असे डॉक्टर म्हणाले, तरी त्यांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेतले. आहारात प्रथिने वाढवली. जूनपर्यंत गळणे थांबले. आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने सतत वजन उतरत राहिले तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, हेही त्यांनीच सांगितले, आणि तेव्हापासून मला माझ्या संथ गतीचे समाधान वाटू लागले.

केंद्राचा तक्ता मी मार्चमध्येच सोडला. आता सकाळी मुगाचे धिरडे किंवा दोन अंडी, दुपारी सुमारे ६० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी, वाटीभर उसळ, भाजी आणि ताक, रात्री भाजीबरोबर पनीर किंवा चिकन असे जेवण असते. कोल्हापुरात राहून हा आहार पाळणे मला वाटले होते त्याहून सोपे गेले. आपल्या घरची कांदा-लसणाची चटणी आणि खर्डा असला की बेचव जेवणाची तक्रार उरत नाही. रविवारचे मटणही बंद नाही. फक्त पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी घेत नाही, कारण त्यात कर्बोदके थोडी असली तरी नारळाचे दूध, तीळ आणि खसखस यांची स्निग्धता भरपूर असते. मिसळीबरोबरचा पाव सोडणे मात्र मला अजूनही जड जाते, म्हणून महिन्यातून एकदा मी पावासकट मिसळ खाते आणि पुढचे दोन दिवस काट्यावर उभी राहत नाही.

६ सप्टेंबरला वजन ७२.८ किलो आहे. आठ महिन्यांत ११.८ किलो, त्यातले पहिल्या आठवड्याचे ३.४ बाजूला काढले तर उरलेले ८.४ किलो उतरायला सुमारे ३४ आठवडे लागले, म्हणजे आठवड्याला पाव किलो. कमरेचा घेर १०१ वरून ९१ सेंटिमीटरवर आला आहे. स्त्रियांसाठी ८० ची मर्यादा सांगतात, ती अजून दूर आहे. सरासरी साखर ५.६ आली आहे. गुडघे जिना चढताना पूर्वीसारखे दुखत नाहीत. आहाराला मी चांगला म्हणेन, पहिल्या आठवड्याच्या कडक तक्त्याला नाही. त्या सात दिवसांत बंद केलेली भाकरी मी पुढे परत घेतली आणि तरीही वजन उतरत राहिले, त्यावरून तो आठवडा केवळ मोठा आकडा दाखवण्यासाठी होता, असे माझे मत झाले आहे.

माझ्या नणंदेला मधुमेह आहे आणि गणपती झाल्यावर ती हा आहार सुरू करणार आहे. गेल्या शनिवारी मी तिच्याबरोबर तिच्या डॉक्टरांकडे जाऊन आले; त्यांनी पहिल्या दिवसापासून एक गोळी निम्मी केली आहे आणि पहिले दोन आठवडे रोज दोन वेळा साखर तपासायला सांगितले आहे. तिच्या वहीत मी वजनाचा रकाना तिसऱ्या आठवड्यापासून आखला आहे. कमरेच्या घेराचा पहिल्या दिवसापासून.