व्हॅन, एटीव्ही आणि पाणंद: साताऱ्याच्या डोंगरात नऊ महिने

गेल्या ऑक्टोबरपासून या जूनपर्यंत साताऱ्याच्या डोंगरात आम्ही व्हॅनमध्ये 23 रात्री काढल्या. बरोबर बायको, मुलगा आणि बहुतेक वेळा मेहुणा त्याची एटीव्ही (कच्च्या वाटेवर चालणारी, जाड टायरांची चारचाकी) घेऊन. गाडी आणि सामानाबद्दल लिहितोच, पण या नऊ महिन्यांत खरा वेळ गेला तो जागा शोधण्यात, त्यामुळे आधी त्याबद्दल.

मेहुण्याची एटीव्ही शेतात फवारणीचं सामान ओढायला घेतलेली. तिला नंबरप्लेट नाही, म्हणजे डांबरी रस्त्यावर काढायची सोय नाही. छोट्या हत्तीत, म्हणजे छोट्या टेम्पोत, टाकून आणायची, फळ्या लावून उतरवायची आणि उतरवली तिथूनच वाट सुरू झाली पाहिजे. मध्ये अर्धा किलोमीटर डांबर आलं तरी सगळा खेळ संपला. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाला हॅटफील्ड-मॅकॉय नावाचं वाटांचं मोठं जाळं आहे. तिथं परमिट काढून लोक कॅम्पवरूनच एटीव्ही घेऊन निघतात, काही गावांत तर रस्त्यावरूनही नेता येते. आपल्याकडे तशी आखलेली व्यवस्था नाही, त्यामुळे वाट आपणच शोधायची आणि ती कुणाची आहे हेही आपणच बघायचं.

हे दुसरं आम्ही पहिल्या वेळी केलं नाही. एका बुकिंग अ‍ॅपवर ‘कॅम्पपासून थेट ट्रेल’ असं लिहिलेलं वाचून पैसे भरले. पोचलो तर ट्रेल दीड किलोमीटर डांबरापलीकडे, आणि तिच्या तोंडाला वनखात्याचं कुलूप लावलेलं फाटक. छोट्या हत्तीचं भाडं अंगावर पडलं आणि एटीव्ही गाडीतून खाली उतरलीसुद्धा नाही. मुलगा रात्रभर गप्प होता.

मग मेहुण्यानं डोकं चालवलं. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून त्यानं गावनकाशाची नक्कल काढून आणली. त्यात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेला असतो, पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ. मोबाईलच्या नकाशावर नुसती एक करडी रेघ दिसते. ती पाणंद (शिवारातून जाणारी गावाची वाट) आहे, कुणाचा बांध आहे की ओढा, काही कळत नाही. आता आमची पद्धत ठरून गेली आहे: नकाशात दुहेरी रेघ सापडली की तिच्या कडेला कुणाचं रान आहे ते बघायचं, गावात जाऊन पोलीस पाटलांना भेटायचं आणि मालकाकडे मुक्कामाचं विचारायचं. नकार कमी वेळा मिळतो. पाणंदीवर अतिक्रमण झालेलं मात्र बऱ्याच ठिकाणी दिसतं. नकाशात एकवीस फूट आणि प्रत्यक्षात बैलगाडी जाईल की नाही इतकीच. अशा ठिकाणी भांडण उकरून काढायला आपण जाऊ नये, दुसरी जागा बघावी.

असंच ठोसेघरच्या पुढं, चाळकेवाडीच्या बाजूला एका वाडीत आबा नावाच्या शेतकऱ्याचं रान सापडलं. पहिल्या दिवशी मी व्हॅन मोकळ्यावर, दरी दिसेल अशी लावत होतो. आबा लांबूनच ओरडले, “पाव्हणं, हितं नगा लावू. रातचं वारं सुटलं की पत्रं उडत्यात.” गोठ्याच्या भिंतीच्या आडोशाला लावायला लावली. त्या रात्री वारं असं काही सुटलं, की भिंतीआड असूनही व्हॅन हलत होती. पवनचक्क्या तिथंच का उभ्या केल्यात ते झोपेत कळलं. दरीचा नजारा सोडा, आडोसा आधी बघा.

आबांच्या पडवीपासून पाणंद सुरू होते आणि साधारण चार किलोमीटर शिवारातून फिरून परत येते. एटीव्हीला एवढं पुरे. पवनचक्क्यांकडे जाणारे मुरमाचे रुंद रस्ते बघून मोह होतो, पण तिथं विचारल्याशिवाय जाऊ नका. आणि सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, तर चाक घालूच नका, हे कळकळीनं सांगतो. जांभ्यावर माती बोट-दोन बोट असते. ऑक्टोबरमध्ये एका जागी कुणाच्या तरी चाकांचे चर पाहिले, कडेनं गवत नि फुलं आणि चरांत नुसता खडक. एप्रिलमध्ये आबांच्या नातवानं आम्हाला सरडा दाखवला. दगडावर बसून गळ्याची निळी-काळी-नारिंगी पिशवी पंख्यासारखी उघडत होता. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी या सरड्यांच्या गटाला शास्त्रीय नाव म्हणून ‘सरडा’ हेच आपलं नाव दिलं. तो जमिनीवरच राहतो, अंडीही मातीत घालतो. एटीव्हीच्या टायरात हवा जेमतेम 5 पीएसआय असते म्हणून ती हलकी चालते असं मेहुणा म्हणायचा. सरडा बघितल्यावर त्यानं ते म्हणणं सोडलं.

कास पठारावर एटीव्हीसाठी जाऊ नका. 2012 पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे, चालत बघायची जागा आहे. बामणोलीला शिवसागराच्या काठी खासगी जागेत दोन रात्री राहिलो, फार सुंदर, पण पलीकडे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं रान. तिथं फक्त बोटीनं आणि पायी. त्या रानातल्या वासोटा किल्ल्यावर जायचं तर वनखात्याची परवानगी घेऊन संध्याकाळच्या आत परत.

आता व्हॅन. आरटीओच्या परवानगीशिवाय गाडीच्या बांध्यात बदल करता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. म्हणून सीटा दुमडून वर सुटी घडीची खाट टाकतो. पहिली खाट साध्या प्लायची होती, धुक्यानं फुगली, आता मरीन प्लाय आहे. 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी दिवे, पंखा, मोबाईल यांना दोन रात्री सहज पुरते. टपावरचं सोलर पॅनेल पावसाळी ढगात जवळजवळ निकामी, त्याच्या भरवशावर राहू नका. जानेवारीत काचा गच्च लावून झोपलो आणि पहाटे टपाच्या आतल्या बाजूनं पाणी ठिबकून गोधडी भिजली. तेव्हापासून दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटं उघड्या आणि त्यावर मच्छरदाणीचं कापड चिकटवलेलं.

दर मुक्कामाला आबांना 500 रुपये देतो, आणि जेवणाचे वेगळे. ते घ्यायला तयार नव्हते, त्यांच्या घरच्या काकींनी घ्यायला लावले. नाचणीची भाकरी आणि घेवड्याची उसळ असते.

परवा आबांचा फोन आला. पहिल्याच पावसात ओढ्याजवळ पाणंद खचली आहे, दगड भरायला माणसं पाहिजेत. रविवारी निघतोय. एटीव्ही यावेळी घरीच, व्हॅनमध्ये दोन फावडी आणि घमेली टाकली आहेत.