फिक्स्ड मॅट्रिक्स, मॉड्युलर फ्रेम की एव्ही ओव्हर आयपी: हॉलसाठी काय घ्यायचं?

एक ऑडिटोरियम, शेजारी तीन-चार कॉन्फरन्स रूम, दहा-बारा सोर्स (लॅपटॉप, कॅमेरे, सेट टॉप बॉक्स), तेवढेच डिस्प्ले, आणि सगळं लांबून कंट्रोल व्हायला पाहिजे. कुठलाही सोर्स कुठल्याही डिस्प्लेवर पाठवणाऱ्या यंत्रणेला मॅट्रिक्स म्हणतात. असं काम निघालं की टेबलावर फिक्स्ड मॅट्रिक्स, मॉड्युलर फ्रेम आणि एव्ही ओव्हर आयपी अशी तीन प्रकारची कोटेशनं येतात आणि कमिटी शेवटचा आकडा बघून मोकळी होते. बजेट महत्त्वाचं आहेच, पण कार्यक्रम चालू असताना स्क्रीन काळी पडली तर कोण, कुठून आणि किती वेळात ती परत आणणार हे आधी ठरवा, कोटेशन नंतर बघा.

फिक्स्ड मॅट्रिक्सचं लवकर उरकतो. 8 बाय 8 (आठ इनपुट, आठ आउटपुट) चा डबा घेतला की तो जन्मभर 8 बाय 8, एक पोर्ट गेला तर अख्खा डबा सर्व्हिस सेंटरला आणि तोवर हॉल बंद. पण दोन खोल्यांचं काम असेल आणि पुढे वाढणार नसेल तर उगाच मोठं काही घेऊ नका, हेच घ्या.

मॉड्युलर फ्रेम म्हणजे रिकामं चॅसिस (सांगाडा), त्यात इनपुटची आणि आउटपुटची कार्डं. एका कार्डावर एचडीएमआय, दुसऱ्यावर एसडीआय (व्यावसायिक कॅमेऱ्यांचा सिग्नल), तिसऱ्यावर एचडीबेसटी (नेटवर्कसारख्या केबलवरून लांब जाणारा व्हिडिओ) असं मिसळता येतं, आणि आज अर्धी फ्रेम भरून बाकीची पुढच्या वर्षी भरली तरी चालतं. खरा फायदा बिघाडात कळतो. गेलेलं कार्ड काढायचं, स्पेअर घालायचं, बऱ्याच फ्रेममधे तर पॉवर बंद न करता. म्हणून स्पेअर कार्ड पहिल्याच ऑर्डरमधे घ्या, कारण कार्ड त्याच कंपनीचं लागतं आणि मॉडेल बंद झालं की मग शोधत बसा. फ्रेम घेतली म्हणजे त्या कंपनीशी लग्नच लागतं.

इन्स्टॉलेशनला वेळ खातं ते केबलिंग. एचडीबेसटी 100 मीटर जातं असं ब्रोशरमधे असतं, पण 4के म्हटल्यावर शिल्डेड कॅट 6ए केबल लागते आणि मधे जॉइंट, पॅच पॅनल जितके कमी तितकं बरं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला केबल घेताना पूर्ण तांब्याचीच मागा, वरून तांबं आतून ॲल्युमिनियम असली केबल स्वस्त पडते पण लांब रनवर चित्र लुकलुकतं नाहीतर जातंच. आणि आरजे45 (नेटवर्कचा कनेक्टर) दिसतोय म्हणून ही केबल नेटवर्क स्विचमधे खुपसू नका, ते इथरनेट नाहीये. कॅमेरे एसडीआयवर ठेवा, त्याचा बीएनसी कनेक्टर लॉक होतो, कोणाचा पाय लागून निघत नाही. सेट टॉप बॉक्स मात्र एचडीएमआय कार्डावरच, एचडीसीपी (कॉपी रोखणारं कुलूप) एसडीआयमधून जात नाही. ईडीआयडी (डिस्प्ले आपलं रिझोल्यूशन सोर्सला सांगतो ती माहिती) मॅट्रिक्समधेच फिक्स करून टाका, म्हणजे कोणी जुना प्रोजेक्टर जोडला म्हणून सगळ्यांचं रिझोल्यूशन घसरणार नाही. रिकाम्या स्लॉटला ब्लँक प्लेट लावाच, नाहीतर कार्डं गार ठेवणारी हवा भलतीकडून जाते. अजून एक, बऱ्याच फ्रेममधे रिकाम्या स्लॉटचे नंबरही राखून ठेवलेले असतात, त्यामुळे इनपुट 4 नंतर थेट 9 येऊ शकतो. लेबल त्याच हिशोबाने चिकटवा.

एव्ही ओव्हर आयपीत, म्हणजे ऑडिओ-व्हिडिओ नेटवर्कवरून नेताना, मधला डबाच नसतो, प्रत्येक सोर्सला एन्कोडर (व्हिडिओ नेटवर्कवर टाकणारा), डिस्प्लेला डीकोडर (तो परत चित्र करणारा) आणि मधे नेटवर्क स्विच. तीन इमारतींचा कॅम्पस आणि फायबर आधीच टाकलेलं असेल तर यासारखं काही नाही. पण 1080पी60 ला (फुल एचडी, सेकंदाला 60 फ्रेम) कच्चा सिग्नलच जवळपास 3 जीबीपीएस होतो, म्हणजे 1 गिगाबिटवर कॉम्प्रेशन आलंच, आणि एसडीव्हीओई या एव्ही ओव्हर आयपीच्या प्रकारासाठी 10 गिगाबिटचे स्विच लागतात, जे कोटेशनमधे कधीकधी "क्लायंट स्कोप" (ग्राहकाने स्वतः आणायचं) म्हणून हळूच बाहेर टाकलेले असतात. मल्टिकास्ट (एकच प्रवाह अनेकांना) आहे, आयजीएमपी स्नूपिंग (ज्याने मागितलं त्याच पोर्टला प्रवाह देणारी स्विचची सेटिंग) नीट सेट नसेल तर व्हिडिओचा पूर सगळ्या पोर्टवर. आयटीवाल्याशी पटत नसेल तर या वाटेला जाऊ नका!

आता रिमोट कंट्रोल. वेब पेज बरेच जण देतात, खरी परीक्षा कमांडची. एक्स्ट्रॉन कंपनीच्या मॅट्रिक्सला इनपुट 3 आउटपुट 4 ला द्यायचा तर 3*4! एवढंच टाइप करायचं, इनपुट आधी. ब्लॅकमॅजिक कंपनीच्या व्हिडिओहब मॅट्रिक्सला नेटवर्क पोर्ट 9990 वर तेच काम 3 2 असं जातं, म्हणजे आउटपुट आधी आणि मोजणी शून्यापासून. दोन्ही ब्रँड एका रॅकमधे असले तर प्रोग्रामरला हे लिहूनच द्या. आरएस232 (जुनी सिरियल वायर) साधारण 15 मीटरपर्यंत ठीक, नेटवर्क पडलं तरी चालतं, म्हणून बॅकअपला ती वायर ओढून ठेवा. आणि रूट (कुठला इनपुट कुठल्या आउटपुटला) बदलल्याचं उत्तर आलं म्हणजे चित्र आलंच असं नाही, लांबून बघायला मल्टिव्ह्यूअर (अनेक चित्रं एका स्क्रीनवर) किंवा निदान सिग्नल स्टेटस पाहिजेच, शिवाय हँग झालेली फ्रेम रीस्टार्ट करायला नेटवर्कवरचा पीडीयू (लांबून चालू-बंद होणारा पॉवर बोर्ड).

घरून कंट्रोल करायचं म्हणून पोर्ट फॉरवर्ड (मशीन थेट इंटरनेटला उघडं) करणारे भेटतात. करू नका, टेलनेटमधे (कमांड पाठवायची जुनी पद्धत) पासवर्ड उघडा जातो. वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा), बाहेरून फक्त व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी), डिफॉल्ट पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा.

एकाच इमारतीत सगळं असेल तर माझं मत मॉड्युलर फ्रेमला. फक्त ऑर्डर देण्याआधी व्हेंडरला दोन गोष्टी करून दाखवायला सांगा, एक म्हणजे चालू फ्रेममधून कार्ड काढून परत घालणं, आणि दुसरं, त्याच्या ॲपशिवाय तुमच्या लॅपटॉपवरून कमांड देऊन रूट बदलणं.